खडीच्या वाटेवरची तुळस

खरं सांगते, त्या आठवड्यात मी देवावर रुसले होते. नागपूरहून मुलाकडे बंगळूरला, येलहंक्याला राहायला आलो, तेव्हा मी हट्टाने आमचं दगडी वृंदावन बरोबर आणलं होतं. त्यातली तुळस डोळ्यांदेखत सुकत होती. पूजेत कधी खंड नाही, पाणी चुकलं नाही, मग माझ्याच वाट्याला हे काय, असं सारखं मनात यायचं.

वृंदावन मी सोसायटीच्या मागच्या अंगणात ठेवलं होतं. तिथे मागच्या गेटपासून आमच्या दारापर्यंत खडीची रुंद पट्टी आहे. खाली मजबूत जाळी, जाळीत खडी, मधूनमधून दूर्वा आणि कडेला इथलीच झुडपं. मला ती बागच वाटली, म्हणून तिच्याच मधोमध वृंदावन मांडलं. सेक्रेटरी हात जोडून म्हणाले होते, "अम्मा, ही अँब्युलन्सची आणि आगीच्या बंबाची वाट आहे. वृंदावन हलवा ना." मी फाडकन म्हटलं, "खडीत गाडी रुतेल की! आणि देवाला जागा लागते ती किती?" बिचारे आले तसे परत गेले. माझ्या तोंडी कोण लागणार!

बागकाम करणारी गौरम्माही सांगायची, "अक्का, खडी दुपारी तापते, मुळं भाजतात. स्वल्प, थोडंसंच, त्या करंजाखाली नेऊ या." आठ दिवस मी ऐकलं नाही. नवव्या दिवशी सकाळी दिवा लावताना मात्र रडूच कोसळलं. म्हटलं, "तुळशीमाय, तुला हवं तिथे राहा. संपला माझा हट्ट." मग चौघांनी मिळून ते अवजड वृंदावन सावलीत, मातीवर नेलं.

त्याच दुपारी आमच्या ह्यांच्या छातीत कळ आली. अंग घामाने चिंब, ओठ पांढरे. मुलगा-सून शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोरमंगल्याला ऑफिसात. बाहेर तासभर पाऊस कोसळत होता, आणि पुढच्या रस्त्यावर पाइपासाठी खणलेला चर पाण्याने भरला होता. अँब्युलन्स बोलावली, तर तिचा ड्रायव्हर फोनवर म्हणाला, पुढून येता येत नाही. तेवढ्यात वॉचमनने मागचं गेट उघडलं. एवढ्या पावसात खडीवर पाणी साचलं नव्हतं, सगळं खाली जिरलं होतं. अँब्युलन्स न रुतता दारापर्यंत आली. सकाळपर्यंत जिथे वृंदावन होतं, नेमकी तिथूनच तिची चाकं गेली. उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

कुणी योगायोग म्हणेल. म्हणोत बापडे, मी वाद घालत नाही. आयुष्यभर पुष्कळ घातले. मला एवढंच कळलं, की ज्याला मी भक्ती समजत होते त्यात निम्मा माझा हेका होता. तो सोडायची बुद्धी वेळेत झाली, ती माझी नव्हे. सेक्रेटरींची मी माफी मागितली. ते इतके अवघडले, की त्यांना चहा देऊन बसवावं लागलं.

हे बरे होऊन घरी आले. आता रोज सकाळी मी त्या खडीला हात लावून तो कपाळाला लावते. परवा हे गॅलरीतून ओरडले, "अगं, खडीच्या काय पाया पडतेस? देव तिकडे झाडाखाली आहे!" सगळी सोसायटी ऐकत होती. एरवी मी ऐकून घेतलं असतं होय! पण त्यांनी आणखी थोडं ओरडावं म्हणून तशीच वाकून राहिले.