बर्फाची लादी आणि दंडाचा पट्टा

एस.टी.चा हॉर्न वाजल्यावर गाडीकडं न बघता स्वतःची नाडी धरणारा माणूस साऱ्या ईट गावात एकच झाला, तो माझा पुतण्या. वय चोवीस, अंगानं काटक. पण कुकरची शिट्टी झाली की याची बोटं मनगटावर. माझा थोरला भाऊ, याचा बाप, बीपीनं औत धरल्या जागीच कोसळला तो उठलाच नाही, तेव्हापासून हे. डॉक्टरांनी त्याला समजावलं, "तुझं बीपी ठीक आहे. पण वडिलांना होतं, म्हणून तुझ्या नसा इतरांपेक्षा जास्त दचकतात. बर्फाच्या पाण्यात हात घातलास तरी दिसेल." झालं! गडी परंड्याहून मांडीवर बर्फाची लादी घेऊन एस.टी.नं आला. बर्फ निम्मा उरला, पँट सगळी भिजली. एक हात बादलीत, दुसऱ्या दंडाला बीपी मोजायच्या मशीनचा पट्टा, आणि "चढलं! चढलं!" असा ओरडला, की शेजारणीला वाटलं आमच्या बोअरला पाणी लागलं.

घरातली मिठाची बरणी तर त्यानं कणगीमागं लपवली होती. हुरड्याला पाहुणे आले, तर आगटीभोवती एकेकाच्या दंडाला पट्टा. "पावणं, बोलू नका. बोललं की आकडा चढतोय." पाहुणे गप्प आणि हुरडा गार.

हात दिला नाही तो फक्त मी. "तात्या, एकदा तरी मोजू द्या की." "चौथीत शाळा सोडलेला हात हाय ह्यो. तुझ्या मशीनला वाचता येणार न्हाय!" खरं कारण वेगळं होतं. सकाळी माझं डोकं ठणकायचं, थोरल्याचं ठणकायचं तसंच. बापामागं चुलताही त्याच वाटेला लागलाय, हे त्या दचकऱ्या पोराला कशाला दाखवायचं?

दिवाळीनंतर तो नोकरीला पुण्याला गेला. मशीन माझ्यासाठी कोनाड्यात ठेवून गेला. आता बरणी चुलीजवळच असते. भाकरीवर मीठ घेतो आणि उगाच दाराकडं बघतो. कुणी ओरडत नाही.

परवा मीच पट्टा बांधला आणि तो सांगायचा तसा गप्प बसलो. तेवढ्यात त्याचाच फोन वाजला. छातीत धडधड झाली.

"तात्या, काय करताय?"

"पट्टा बांधून बसलोय."

पलीकडनं हळूच, "किती आला?"

"लई आलाय. पर निम्मा तुझ्या फोननं चढलाय, लेका. तू ये, शेजारी बस आन् परत मोज. म्या बोलणार न्हाय."