वीरेंद्रचा बोगदा

केवळराम डोंगरे यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान गोंदियाजवळ फुलचूर नाक्यावर होतं. मी जवळच्याच शाळेत मराठी शिकवायचो. १९९९ साली, एका रविवारी दुपारी, आमचा बिघडलेला टीव्ही घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. शटर अर्धं खाली होतं आणि आतून पत्रा करवतीनं कापल्यासारखा आवाज येत होता. वाकून आत गेलो तर केवळराम स्टुलावर बसलेले, एक बोट टेपरेकॉर्डरच्या आवाजाच्या बटणावर.

"थांबा सर. पाच मिनिटं बोलू नका," ते म्हणाले.

टेपला एक वायर होती. ती शाळेतल्या पाटीएवढ्या एका काळ्या डब्यात गेली होती. डब्यावर करड्या रबरी बटणांच्या रांगा होत्या. कंपनीचं नाव घासून गेलं होतं. तिथून दुसरी वायर टीव्हीत. टीव्हीच्या कडांवर रंगीत पट्टे पळत होते. पाचेक मिनिटांनी करकर थांबली आणि काळ्या पडद्यावर रोमन अक्षरांत एक ओळ आली, 'भाऊ, तुही पारी', म्हणजे तुझी पाळी. मग खालून एक चौकोनी इंजीन निघालं आणि मागे डब्यांची माळ घेऊन घाट चढू लागलं.

केवळराम एक डाव खेळले. तिसऱ्या चढावर गाडी मागे घसरली. त्यांनी सेट बंद केला, माझ्या टीव्हीचं मागचं झाकण उघडलं आणि काम करता करता सांगू लागले.

तो घरी वापरायचा जुना कॉम्प्युटर होता आणि खेळ त्यांच्या धाकट्या भावानं, वीरेंद्रनं, लिहिलेला. वडील दरेकसाला रेल्वेत गँगमन होते. दोघं भाऊ रुळाच्या बाजूच्या क्वार्टरमध्ये वाढले. वडील गेल्यावर आई पार्वताबाई दोघांना घेऊन फुलचूरला आली. केवळरामनं दहावीनंतर रेडिओ-टीव्हीचं काम धरलं आणि भावाला शिकवलं. वीरेंद्र नागपूरला इंजिनिअरिंगला गेला. वस्तीत तोवर कोणी इंजिनिअर झालेलं नव्हतं. तिथं एका सीनियर मुलानं जाताना त्याला हा कॉम्प्युटर दिला. त्यावर त्यानं दरेकसाचा घाट आणि बोगदा उभा केला. इंजीन जोरात नेलं तर वळणावर उलटतं, हळू नेलं तर मागे येतं. खेळाचं नावच 'बोगदा'. तो कॅसेटवर आवाजाच्या रूपात साठवलेला होता आणि दर वेळी टेप वाजवून डब्यात भरावा लागे.

एप्रिल १९८९ मध्ये तो हा डबा आणि एक कॅसेट घेऊन घरी आला. "तुह्याजवळ राहू दे भाऊ, होस्टेलमंदी खराब होते," म्हणाला आणि सोमवारी सकाळी स्टेशनवर गेला. त्यानंतर तो कोणाला दिसला नाही. दोन महिने पत्र आलं नाही तेव्हा केवळराम कॉलेजात गेले. तिथं कळलं की दोनदा नापास झाल्यामुळे वीरेंद्रचं नाव वर्षभरापूर्वीच काढलेलं होतं. पोलिसात तक्रार झाली, पेपरात फोटो आला. पुढं काही झालं नाही.

"आई म्हणते, तो येईल," केवळराम म्हणाले. "मी काही म्हणत नाई. मी याले चालू ठेवून राहिलो."

चालू ठेवणं सोपं नव्हतं, हे मी पुढची नऊ वर्षं पाहिलं. बटणांखालची पातळ प्लास्टिकची पट्टी वाळून तडकायची. ती नवी मिळत नसे, म्हणून ते सिगारेटच्या पाकिटातली चांदी कापून चिकटवायचे. डबा इतका तापायचा की उन्हाळ्यात त्यावर हात ठेववत नसे. त्यांनी एका जुन्या अँप्लिफायरचा अॅल्युमिनियमचा पत्रा काढून आत बसवला. कॅसेटची फीत ताणली गेली होती. टेपचा स्क्रू केसभर इकडे-तिकडे झाला की शेवटच्या मिनिटाला लोड होणं फसायचं आणि सगळं पहिल्यापासून. मग लोडशेडिंग आलं. चार मिनिटं करकर ऐकून घ्यावी आणि लाइट जावी. केवळराम चिडत नसत. फीत पेन्सिलीनं गुंडाळून ठेवत आणि पुढच्या रविवारची वाट पाहत.

एकदा मी विचारलं, एवढा त्रास कशाला. ते सोल्डरिंगची पिन पुसू लागले.

"हा आवाज चालू असते ना सर, तं मले वाटते तो आतमंदी येऊन राहिला," ते म्हणाले.

मे २००८ मध्ये डबा बंद पडला. मधली मोठी चिप गेली होती. केवळराम नागपूरला सीताबर्डीच्या बाजारात दोन दिवस फिरले. दुकानदारांनी चिप हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि परत दिली. एकानं विचारलं, "काका, ये म्यूज़ियम से लाए क्या?"

त्यांची मुलगी खुशबू तेव्हा गोंदियाला बी.सी.ए. करत होती. तिनं इंटरनेटवर शोधलं. बाहेर देशात असले डबे जपणारे पुष्कळ लोक होते आणि त्यांनी एम्युलेटर बनवले होते, म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुन्या कॉम्प्युटरची हुबेहूब नक्कल. तिनं टेपच्या इअरफोनच्या भोकातून वायर घेऊन ती लॅपटॉपला लावली आणि कॅसेट ऐकवली. फीत इतकी खराब झाली होती की अकरा वेळा ऐकवूनही जमलं नाही. बाराव्या वेळी पूर्ण खेळ आत उतरला. तिनं तो साठवला, एम्युलेटर उघडला, बटण दाबलं. एका क्षणात 'भाऊ, तुही पारी'.

मी तिथंच होतो. केवळराम पडद्याकडे पाहत होते, पण चेहऱ्यावर आनंद दिसेना.

"लगेच आलं," ते म्हणाले.

"मंग चांगलंच झालं ना, बाबा. आता फसत नाई, तापत नाई, लाइट गेली तरी बॅटरीवर चालते."

"हो. पण पाच मिनिटं बसाचं नाई तं मंग..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. त्यांनी खेळून पाहिलं. बोटं रबरी बटणं शोधत होती, लॅपटॉपची बटणं कडक आणि जागा वेगळ्या. गाडी पहिल्याच वळणावर उलटली. चित्र स्वच्छ होतं. दुकानातल्या टीव्हीवर गाडी घाट चढताना जी थरथर व्हायची, ती नव्हती.

"बाबा, थांबा. तुमाले जमतील अशी बटणं लावून देतो," खुशबू म्हणाली आणि तिनं खेळ मध्येच थांबवला.

"अवो, थांबवू नको. पुन्हा लोड करावं लागन."

"एका सेकंदात होते, बाबा."

तिनं प्रोग्रॅमची यादी उघडली. वीरेंद्रनं लिहिलेल्या ओळी एकामागून एक वर सरकू लागल्या, आकडे आणि इंग्रजी शब्द. शेवटी ती थांबली. तिथं आज्ञा नव्हत्या. रोमन अक्षरांत आमची बोली होती. कॉम्प्युटर ज्या ओळी वाचत नाही, फक्त माणसानं वाचायच्या, अशा ओळी प्रोग्रॅममध्ये लिहिता येतात, असं खुशबूनं मला नंतर समजावलं. तेव्हा ती फक्त वाचत गेली, हळूहळू.

'भाऊ, हे पाहून राहिला तं तू यादी काढाले शिकला. मी दोनदा नापास झालो. कॉलेजनं नाव काढलं. तू साऱ्याइले सांगून राहिला का माहा भाऊ इंजिनिअर, तं तुह्या तोंडावर मले बोलता येत नाई. मी भिलाईले जाऊन राहिलो. पत्र टाकून बोलावशील तं येतो. नाई बोलावलं तं मी समजीन.' खाली पत्ता होता, सुपेला भागातल्या सावित्रीबाई साहू यांच्या घराचा.

केवळराम उठले, बाहेर ओट्यावर गेले आणि रस्त्याकडे पाठ करून उभे राहिले. मी मागे गेलो.

"त्यानं दाखवलं होतं, सर," ते म्हणाले. "जाच्या आदल्या दिवशी. हे दोन बटणं सोबत दाबली का थांबते, मंग आत का लिवलं ते दिसते. म्हणे, एकदा पाह्यजो भाऊ. माह्या हातात तवा गिऱ्हाइकाचा सेट उघडा होता. मी म्हटलं, हो, पाह्यतो."

"नंतर कधी..."

"एकदा चुकून दाबलं गेलं. खाली इंग्रजीत काई तं आलं. मले वाटलं बिघडलं. बंद करून टाकलं." मग ते म्हणाले, "पाच मिनिटं लागत होती ना लोड व्हाले. थांबवून पाहाची भीती वाटे."

एकोणीस वर्षांत त्यांनी तो खेळ किती वेळा लावला असेल, याचा हिशेब मी मनात करू लागलो आणि सोडून दिला.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं भिलाईला गेलो. एकट्यानं जायला त्यांना धीर होत नव्हता. गाडी दरेकसाला थांबली नाही. बोगद्यातून बाहेर पडल्यावर ते म्हणाले, "तोही इथूनच गेला असन. आपल्या जुन्या घरावरून."

सुपेल्यात पत्ता सापडायला दोन तास लागले. सावित्रीबाई हयात होत्या, ऐकायला कमी येत होतं. सून त्यांच्या कानाशी मोठ्यानं बोलली. नाव ऐकल्यावर त्यांनी केवळरामांना निरखून पाहिलं.

"वो मराठी लड़का? रेडियो बनाता था। पीछे वाले कमरे में रहा, साल भर से थोड़ा कम। अच्छा लड़का था।"

"फिर कहाँ गया?" मी विचारलं.

"पता नहीं। ठेकेदार के साथ गया, कोई बोला उड़ीसा, कोई बोला गुजरात।" मग त्या स्वतःहूनच म्हणाल्या, "रोज डाकिये से पूछता था। डाकिया गली में घुसा कि बाहर खड़ा। हम लोग हँसते थे, बोलते थे किसकी चिट्ठी है रे, घरवाली की? बोलता था, भैया की।"

केवळरामनी मान हलवली. ती मागची खोली त्यांनी पाहिली. तिथं आता सुनेचं शिलाई मशीन होतं. ते दारातच उभे राहिले, आत गेले नाहीत. तिच्या हातचा चहा घेतला, हात जोडले आणि आम्ही निघालो. परतीच्या प्रवासात त्यांनी एकच गोष्ट विचारली, "सर, आईले सांगू का?"

मी म्हटलं, तुम्हीच ठरवा. त्यांनी सांगितलं. पार्वताबाई तेव्हा ऐंशीच्या आसपास होत्या. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली बाजेवर बसून त्यांनी सगळं ऐकलं.

"मंजे तो रुसला नोहोता," त्या म्हणाल्या. "आपून रुसलो असं वाटलं त्याले."

मग त्या केवळरामकडे वळल्या.

"तुले वाचता येत नोहोतं का ते?"

"येत होतं आई. पाह्यलं नाई."

त्या मुलाशी भांडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. पण त्यानंतर 'येईल तो' हे त्यांचं बोलणं बंद झालं. २०१० च्या हिवाळ्यात त्या गेल्या.

खुशबूनं एक प्रयत्न केला. जुन्या खेळांच्या एका परदेशी वेबसाइटवर तिनं 'बोगदा' टाकला, सोबत वीरेंद्रचं नाव, गावाचं नाव, दुकानाचा फोन नंबर. तिचं म्हणणं, काका कुठंही असले तरी कॉम्प्युटरवरच काम करत असतील, कधीतरी आपलंच नाव शोधून पाहतील. खेळ लोकांनी घेतला. स्पेनमधून एकानं लिहिलं, घाट छान काढलाय. पोलंडच्या एकानं कळवलं की तिसरा चढ पार होणं शक्यच नाही, हिशेबात एक चूक आहे. त्यानं ती दुरुस्त करून पाठवली. आता गाडी बोगद्यातून पलीकडे निघते, असं खुशबू सांगत होती. तिनं लॅपटॉप वडिलांपुढे ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "ते चूक त्याची आहे. तुमी कायले दुरुस्त केली?"

ती वरमली. तिनं जुनी प्रतही ठेवली आहे असं सांगितलं, पण त्यांनी तीही पाहिली नाही. दुकानाचा फोन वाजला की मात्र ते हातातलं काम टाकून उठत. बहुतेक वेळा कोणाचा तरी सेट बिघडलेला असायचा. मग तेही कमी झालं. लोकांकडे पातळ टीव्ही आले, त्यांची दुरुस्ती कंपनीची माणसं घरी येऊन करू लागली. २०१३ मध्ये केवळरामनी दुकान बंद केलं. फोनची लाइन त्यांनी घरी जोडून घेतली.

एका रविवारी मी घरी गेलो तर तो काळा डबा टेबलावर उघडा होता. मला वाटलं, पुन्हा दुरुस्ती सुरू केली. तसं नव्हतं. चिप गेलेलीच होती. ते ब्रशनं आतली धूळ काढत होते.

"एम्युलेटरवर सगळं आहे ना," मी म्हटलं.

"आहे ना. आणखी जास्तीच आहे. जे मले पाहाचं होतं तेही तिथंच दिसलं." त्यांनी ब्रश झटकला. "हा डबा काही बोलला नाई, सर. एकोणीस वर्षं मी याले फुंकर मारून राहिलो. पण हात तं त्याचे यालेच लागले होते."

मग त्यांनी झाकण बसवलं, चारही स्क्रू आवळले आणि मला म्हणाले, बसा, खुशबूची आई चहा ठेवून राहिली आहे.