कुऱ्हाडवालीचा वैद्य

माझ्या मावशीला नावानं हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. दूधवाल्यासाठी ती सिस्टर, खालच्या मजल्यावरच्या वकिलासाठी सिस्टर, आणि तिच्या नवऱ्यासाठी, म्हणजे आमच्या काकांसाठीही, सिस्टरच. एकतीस वर्षं तिनं इस्पितळात पुरुषांचा वॉर्ड सांभाळला. डॉक्टरसुद्धा तिच्यासमोर चपला नीट काढून ठेवत. वॉर्डात तिचा एक नियम होता आणि नवी आलेली प्रत्येक नर्स पहिल्याच दिवशी तो ऐकायची. "ओरडतोय तो जगतोय. गप्प पडलाय त्याच्याकडे आधी जा."

काका टर्नर होते. उभं आयुष्य लेथवर लोखंड कातण्यात गेलं, आणि त्या खरखराटात कान गेले. कानाचं मशीन मिळालं होतं, पण ते टेबलाच्या खणात राहायचं. मावशीच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की काका मान डोलवायचे. ऐकू यायचं म्हणून नाही. मान डोलावली की ती लवकर थांबते, एवढं त्यांना चाळीस वर्षांच्या संसारात कळलं होतं म्हणून. दोघं निवृत्त झाली आणि घरात एक बोलणारी आणि एक न ऐकणारा, असा कारभार सुरू झाला. मुलंबाळं नाहीत. मी रविवारी जायचे तेव्हा मावशी माझ्यापाशी रडकुंडीला यायची. म्हणायची, "अगं, भिंतीशी बोलले तर भिंतीचा निदान पोपडा पडतो. यांचं तेवढंही नाही."

मग मी एक उद्योग केला. त्याला पाप म्हणा, पुण्य म्हणा, ते माझं आहे. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाइकांनी टाकून दिलेल्या दोन लॅपटॉपांत मी जीव भरला आणि त्यांच्यावर एक ऑनलाइन खेळ चढवून दिला. राक्षस, किल्ले, जंगलं, तलवारी असला. माझा हेतू एवढाच होता की त्या खेळात बोलायचं म्हणजे टाइप करायचं असतं. तिथं कानांचं काम नाही.

"मी काय लहान आहे का?" मावशीनं आधी नाक मुरडलं. पण काका चष्मा लावून खुर्ची ओढून बसलेसुद्धा.

खेळात शिरण्याआधी आपण कोण व्हायचं ते ठरवावं लागतं. पडद्यावर पाच जण ओळीनं उभे राहिले: ढालकरी, तिरंदाज, जादूगार, कुऱ्हाडवाली आणि वैद्य. एकदा निवडलं की बदलता येत नाही, हे मी दोघांना बजावून सांगितलं. मावशीचं बोट आपोआप वैद्याकडे गेलं. मलाही तेच वाटलं होतं. तेवढ्यात काकांनी तिचं मनगट धरलं. सगळ्यांसमोर त्यांनी तिचा हात धरलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

"नको," ते म्हणाले. ऐकू येत नसल्यामुळे ते जरा मोठ्यानंच बोलत. "जन्मभर तू दुसऱ्यांच्या नाड्या धरल्यास, सिस्टर. आता कुऱ्हाड घे. चांगली मारामारी कर. मागे मी आहे."

"तुम्ही? वैद्य? तुम्हाला साधी पट्टी बांधता येते का? बोट कापलं होतं तेव्हा चिंधी गुंडाळून आला होतात!"

काकांना यातलं किती ऐकू आलं कोण जाणे. त्यांनी मान डोलावली आणि वैद्यावर बोट ठेवलं. खाली बारीक अक्षरांत सूचना आली. ती मी वाचून दाखवली: वैद्य दुसऱ्याला जेवढं आयुष्य देईल तेवढं त्याच्या स्वतःच्या आयुष्यातून वजा होईल. वैद्याला स्वतःवर पट्टी करता येत नाही.

"हा कसला दवाखाना!" मावशी कडाडली. "सिस्टरच आडवी पडली तर वॉर्ड कोण बघणार?"

पण काकांनी 'होय'चं बटण दाबलं होतं.

त्यानंतरचं दीड वर्ष मी त्या घरात जे पाहिलं ते मला कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. मावशी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची, काका आतल्या खोलीत खिडकीपाशी. एका खोलीत बसायची सोय नव्हती, कारण मावशी खेळताना किंचाळायची आणि टेबल हादरवायची. तिची कुऱ्हाडवाली नाकासमोर बघून धावत सुटायची आणि वीस राक्षसांच्या घोळक्यात एकटी घुसायची. इस्पितळात एकतीस वर्षं गिळलेला सगळा राग तिनं त्या बिचाऱ्या राक्षसांवर काढला. मागून काकांचा वैद्य, पांढऱ्या दाढीचा, काठी टेकत, तिच्यावर पट्ट्या टाकत यायचा. पट्टी पडली की कुऱ्हाडवालीच्या अंगावर हिरवा उजेड पडे, आणि वैद्याच्या डोक्यावरची लाल रेघ तेवढी कमी होई.

आणि काका बोलायला लागले! चार शब्दांच्या वर न जाणारा माणूस दोन बोटांनी ओळीच्या ओळी टाइप करायचा. "सिस्टर, डावीकडून जो येतोय तो थेट तुझ्या भावासारखा दिसतो. मारताना नात्याचा विचार कर." मावशी स्वयंपाकघरात एकटीच खो खो हसायची. एका रविवारी तिनं मला हळूच सांगितलं, "अगं, हे असे होते हे मला माहीतच नव्हतं." हे सांगताना ती चक्क लाजली. चौसष्ट वर्षांची बाई.

भांडणं थांबली असं नाही. एकदा कुऱ्हाडवाली पडली तेव्हा तिनं पट्टी वेळेवर आली नाही म्हणून घर डोक्यावर घेतलं. काकांनी शांतपणे तिला बोलावलं आणि लढाईचा वृत्तांत उघडून दाखवला. त्या खेळात प्रत्येक लढाईनंतर कोणी कधी काय केलं ते मिनिटासकट लिहिलेलं राहतं. पट्टी वेळेवरच होती, हीच जास्त पुढे गेली होती. मावशीनं ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "बरं. पण एक लक्षात ठेवा. मी एकदा पडले की पट्ट्या फुकट घालवू नका. मेलेल्याला पट्टी लागत नाही. तुमचं तुम्ही जपा." वॉर्डात नव्या नर्सला सांगावं तशी.

ज्या दिवशी काका गेले त्या दिवशी सकाळी कानाच्या मशीनवरून कडाक्याचं भांडण झालं होतं. ते खणातच का, हा जुनाच वाद. दुपारी मशीन न लावताच काका आतल्या खोलीत जाऊन बसले, मावशी स्वयंपाकघरात. चार वाजता दोघं एका पुलावर लढत होती. मावशीनं मारे कुऱ्हाड फिरवली, पण मागून पट्टी येईना. तिनं लिहिलं, "पट्टी." मग "पट्टी टाका." मग "झोपलात का?" कुऱ्हाडवाली पडली. पलीकडून एक शब्द नाही.

तिला वाटलं, सकाळचा रुसवा आहे. चाळीस वर्षं तिनं तो रुसवा पाहिला होता, त्यामुळे तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण नाकावरचा राग तो. तिनं टाइप करून त्यांचा उद्धार केला. भिंत आहात म्हणाली. दगड आहात म्हणाली. तुमच्याऐवजी काठी घेऊन आले असते तर बरं झालं असतं, असंही लिहिलं. मग लॅपटॉपकडे पाठ करून तिनं चहा टाकला, मुद्दाम एकच कप, आणि उभ्यानं प्यायली. कपबशी धुऊन ठेवली. पाऊण तासानं, प्रत्यक्ष खडसावायला म्हणून, ती आतल्या खोलीत गेली.

लोक आले, लोक गेले. जिन्यात दोन बायका बोलत होत्या ते मी ऐकलं. "एवढी मोठी सिस्टर, आणि घरातच... दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा." मला असा संताप आला की त्यांच्या अंगावर जावं. मी गेले नाही. कारण मावशी माझ्या मागेच उभी होती आणि तिनंही ते ऐकलं होतं. ज्या बाईला एकतीस वर्षांत कोणी गप्प करू शकलं नाही ती तेव्हापासून गप्प झाली ती झालीच. फोन केला तर "हो", "नाही", "जेवले". काकांचं मशीन मात्र खणातून बाहेर आलं होतं. ते तिनं जेवणाच्या टेबलावर ठेवलं होतं, रोज पुसायची.

चार महिन्यांनी तिनं आपणहून फोन केला. रविवारची वाट न बघता ये म्हणाली. मी दुकान बंद करून गेले. टेबलावर तिनं काकांचा लॅपटॉप आणून ठेवला होता, झाकण मिटलेलं.

"यात लिहिलेलं असतं ना? कोणी कधी काय केलं ते?" ती म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलं, झटका मोठा होता. पण किती वाजता, ते कोणाला सांगता येत नाही. तू मला एवढंच बघून दे. मी त्यांना तसलं लिहीत होते, तेव्हा ते होते की आधीच गेले होते. आधीच गेले असतील तर मग... मग त्यांनी ते वाचलं नाही ना?"

"बघायचं कशाला, मावशी?"

"मला झोप येत नाही गं. तू बघ."

ती समोर बसली, पडद्याच्या मागच्या बाजूला. मी वृत्तांत उघडला आणि त्या दिवसाची शेवटची लढाई काढली.

चार वाजून पाच मिनिटं. कुऱ्हाडवाली पडली.

चार वाजून सात. वैद्य: कुऱ्हाडवालीवर पट्टी. परिणाम नाही.

चार वाजून दहा. वैद्य: कुऱ्हाडवालीवर पट्टी. परिणाम नाही.

अशा सात ओळी होत्या. मधे तिचे शब्द होते, भिंत, दगड, काठी, आणि ते संपल्यानंतरही पट्ट्या चालूच होत्या. सातवी चार चोवीसला. तिच्या खाली शेवटची ओळ: वैद्य पडला. पट्टी लागू पडली नाही तरी वैद्याचं आयुष्य वजा होतंच; सात पट्ट्यांत त्याची लाल रेघ संपली होती. पडलेल्यानं त्यानंतर बटण दाबलं तरी ते कुठं लिहिलं जात नाही. म्हणजे काका चार चोवीसला गेले असंही नाही. तोपर्यंत होते, एवढंच.

टाइप करायला दोन्ही हात लागायचे त्यांना. पट्टीला एकच बटण पुरे. त्यांना कदाचित तेवढंच जमत असेल. तिच्या पडद्यावर हिरवा उजेड पडावा आणि तिनं यावं, म्हणून ते दाबत असतील. मेलेल्यावर उजेड पडत नाही, हे त्यांना माहीत होतं. की त्या वेळी तेही सुचत नव्हतं? मी कितीही विचार केला तरी मला ते कधीच कळणार नाही. आणि स्वयंपाकघरातून आतली खोली बारा पावलांवर आहे.

मी झाकण मिटलं. चेहरा जमेल तेवढा सरळ ठेवला.

"आधीच गेले होते," मी म्हणाले. "तू पडलीस त्याच्याही आधी. त्यांना काही कळलंसुद्धा नसेल, मावशी. एका क्षणात सगळं संपलं. त्रास झाला नाही."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "हे वाक्य मी शिकवायचे गं नव्या मुलींना. वॉर्डाच्या दारात उभं राहून नातेवाइकांना सांगायला. याच शब्दांत. शेवटी 'त्रास झाला नाही', आणि मग डोळे खाली."

माझे डोळे खाली होते.

"किती मिनिटं?" तिनं विचारलं.

मी लॅपटॉप बाजूला सरकवला. तिनं पुन्हा विचारलं, या वेळी वॉर्डातल्या आवाजात, आणि त्या आवाजाला कोणी कधी खोटं उत्तर दिलेलं नाही.

"एकोणीस. निदान."

"काय करत होते?"

"पट्ट्या टाकत होते. तुझ्यावर. सात टाकल्या."

मावशीनं टेबलावरचं कानाचं मशीन उचललं आणि मुठीत घट्ट धरलं. आधी तिचे ओठ हलले, आवाज नंतर आला.

"मी पडले होते ना," ती म्हणाली. "मेलेल्याला पट्टी लागत नाही म्हणून सांगितलं होतं मी त्यांना. तुमचं तुम्ही जपा म्हणून सांगितलं होतं. ऐकायचेच नाहीत."

मग ती रडायला लागली, मोठ्यानं, पार खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. चार महिन्यांत पहिल्यांदा. मी तिला धरून बसले आणि गप्प राहा असं एकदाही म्हणाले नाही.