शांतामावशीने लुटलेलं वाण

मावशी गेल्याचं कळलं आणि तासाभरात वर्तमानपत्रात द्यायचा मजकूरही तयार झाला : ‘अल्पशा आजाराने निधन.’ अल्पशा! आतड्याच्या कॅन्सरनंतर नल्लकुंट्याच्या त्या घरात शांतामावशी पोटावर पिशवी लावून कित्येक वर्षं जगली. गेली ती हृदयविकाराने. पण पिशवीचं नावच नको. “लोक काय म्हणतील?” मावशीचे भाऊ, आमचे मामा म्हणाले. काका, म्हणजे मावशीचे यजमान, भिंतीकडे बघत बसले. लोक काय म्हणतात ते मावशीने ऐकलं होतं, मामा. म्हणून महिनाभराने मीच लिहिते आहे.

ऑपरेशनमध्ये तिच्या आतड्याचं तोंड पोटावर काढलं, त्यावर पिशवी चिकटवली आणि “सब ठीक है, घर जाओ” म्हणून पाठवून दिलं. ती चिकटून कशी राहील, हे सांगायला एकाही डॉक्टरला सवड नव्हती. पिशवी गळायची, कातडी सोलवटायची. मग माझी आई, म्हणजे मावशीची धाकटी बहीण, आपल्याकडे सोलवटल्यावर जे करतात तेच मायेने करायची... खोबरेल तेलात हळद कालवून लावायची आणि वर नवी पिशवी. ती आणखी लवकर सुटायची. मग आणखी तेल. त्यातच एका संक्रांतीला, मावशी विद्यानगरात हळदीकुंकवाला गेली असताना, पिशवी सुटली. मावशी अजून जिन्यातच होती, तोवर यजमानीणबाईंनी सतरंजी धुवायला काढली. मावशीने ते पाहिलं. त्यानंतर ती कुणाच्या घरात बसेना. दारातूनच बोलायची, उभ्याने.

बाजार खुला झाल्याचं तेव्हा कोण कौतुक! कोपऱ्यावरच्या दुकानात परदेशी शॅम्पूच्या पुड्या लटकू लागल्या. पिशवीही परदेशी मिळू लागली. खोक्यातला माहितीचा कागद मात्र परक्या भाषांत. मराठी नाही, तेलुगू नाही, उर्दू नाही. माल विकायला आम्ही चालतो, समजावून सांगायला नाही.

सांगितलं ते रझिया आपांनी. त्या शाळेत शिकवायच्या, त्यांनाही पिशवी होती. दवाखान्याच्या बाकावर भेटल्या. मावशीची कहाणी ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. “तेल नक्को लगाओ अम्मा! तेल पे थैली कैसा टिकेगी? कोई बताया नहीं? हौले हैं क्या ये लोगां!” हौले म्हणजे खुळे. मग बाकावरच शिकवणी. कोमट पाण्याने धुवा, टिपून अगदी कोरडं करा, भोक त्या तोंडाच्या मापाचंच कापा, तळहाताची ऊब देत दाबून धरा, निम्मी भरायच्या आत रिकामी करा. मावशी हसली, “म्हणजे आम्ही इतके दिवस पिशवीला फोडणीच देत होतो!”

पुढच्या संक्रांतीला तिने घरीच हळदीकुंकू केलं. बेगम बाजारातून मऊ हिरव्या नॅपकिनांचा गठ्ठा आणला आणि वाण म्हणून लुटला. वर प्रत्येकीला सांगितलं, “हळद कपाळाला गं, पोटाला नाही. हा टिपायला. घरात कुणावर वेळ आली तर लक्षात ठेवा.” दोघीतिघी तिळगूळ न खाताच उठल्या. “जाऊ देत,” म्हणत मावशी सतरंजीच्या मधोमध मांडी घालून बसली, ती दिवेलागणीपर्यंत उठली नाही.

अजून नल्लकुंट्यात कुणाकडे गेले की तो नॅपकिन दिसतो... ताटं पुसायला, डब्याखाली. हे कशाचं वाण, असं विचारलं की बायका चहा टाकायला आत पळतात. मावशीचा तिच्या न्हाणीघरातल्या खिळ्यावर आहे. मामांनी तो फेकायला काढला होता. काकांनी उचलला, धुतला, उन्हात वाळवला आणि परत तिथेच टांगला. अगदी कोरडा.