कापसाच्या खोलीला दार नव्हतं

भूतखेत, करणी, बाहेरचं... यातलं मी काहीच मानत नाही. आमचं घर बौद्ध. वडील अंगारा-धुपारा उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचे नाहीत. तरी हे लिहितेय, कारण इतकी वर्षं झाली तरी राग गेलेला नाही — आणि तो भुतावर नाही.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. वर्ध्याहून देवळीला जाताना रस्त्यालगत एक जिनिंग फॅक्टरी होती. तिथल्या मजूर बायकांची लेकरं सांभाळायला मला ठेवलं होतं. पाळणाघर म्हणजे टिनाची एक खोली. तिला लागूनच कापसाची खोली, पार आढ्यापर्यंत गंजी... आणि मध्ये दार नाही, नुसती चौकट! लेकरांना ते घरातलं मैदानच. वर चढायचं, धपकन उडी मारायची. खालून मात्र मशीनसाठी कापूस ओढत राहायचे. गंजी आतून पोकळ व्हायची आणि एकदम खचायची. आत गेलेल्या लेकराचा आवाजही बाहेर येणार नाही. मॅनेजरला मी दहादा सांगितलं, चार फळ्या ठोका. तो म्हणायचा, "पाहू ना बाई, सीझन होऊन जाऊ द्या."

जानेवारीतली दुपार. एका तान्ह्याला दूध पाजून वळले, तर चार वर्षांची शीला दिसेना. पाठ वळली ती माझीच, हेही लिहून ठेवते. तिची आई कांता मशीनवरून धावत आली. विहीर पाहिली, गेट पाहिलं. मी ओरडले, "मशीन बंद करा, गंजीत असेल ती!"

"एका पोरीसाठी मशीन बंद नाई करता येत," मॅनेजर म्हणाला. "असन इथंच कुठं. येऊन जाईन."

येऊन जाईन!

त्या घरघरीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. आणि मला घुंगरं ऐकू आली... अगदी स्पष्ट. छुम... छुम... गंजीच्या डाव्या कोपऱ्यातून. लेकरू कुठे आहे ते कळावं म्हणून काही बायका त्यांच्या पायात घुंगरं बांधत. त्या आवाजावर मी दोन्ही हातांनी कापूस उपसत गेले. खांद्यापर्यंत हात आत गेला तेव्हा टाच लागली. शीला निळी पडली होती. उलटी धरून पाठीवर थापलं, तेव्हा रडली.

"घुंगरांमुळे सापडली गं," मी कांताला म्हटलं.

"कायचे घुंगरं, बाई? तिच्या पायात तं काईच नाई."

पाय खरंच मोकळे होते. मागे सेवंताबाई उभी होती, तिथली सगळ्यांत जुनी मजूर.

"माह्या यमूच्या पायात होते," ती म्हणाली. "ह्याच खोलीत गेली ती. तेव्हाई दार नोतं."

घुंगरांची गोष्ट ऐकून दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर नारळ घेऊन आला. चौकटीला शेंदूर फासला आणि हसत म्हणाला, "आता कायची फिकर? लेकराईची राखनदार हाय इथं. दाराची गरजच नाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सेवंताबाईने माझ्याआधी तो नारळ उचलून बाहेर भिरकावला.

"माही यमू तीन वर्साची होती, साहेब. तिले ड्युटीवर लावता?"

त्या दिवशी एकही बाई मशीनवर गेली नाही. सगळ्या त्या चौकटीसमोर बसून राहिल्या. जेवणाच्या सुट्टीआधी दार लागलं. चार फळ्या, दोन बिजागऱ्या, एक कडी. सीझन तर तेव्हाही चालूच होता!

सेवंताबाईने स्वतः कडी लावली. दारावर हात ठेवून म्हणाली, "नीज आता, माय."

पुढे दोन सीझन मी तिथे होते. घुंगरं पुन्हा ऐकू आली नाहीत. तो आवाज कुठून आला, मला एकटीलाच का आला, मला आजही माहीत नाही. कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा. फक्त राखणदार म्हणू नका. तीन वर्षांची पोर होती ती.