नवमीला बांधून ठेवलेली वायर

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आम्ही बौद्ध. वडील म्हणायचे, भीती वाटली तर कंदील घे आणि जवळ जाऊन बघ. मी चौथीपर्यंतच शिकले, पण ती सवय राहिली. म्हणून हे वहीत लिहितानाही संकोच वाटतो...

पंच्याण्णव-शहाण्णवचा सुमार असेल. मालक वारल्यावर मला कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात शिपायाची नोकरी मिळाली. काम कॉम्प्युटर रूमचं — झाडायचं, मशीन पुसायचं, चावी सांभाळायची. त्या पगारावर माझ्या दोन मुली शाळेत जात होत्या.

खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा होते आणि मग त्यांना कुणी हात लावत नाही. कॉम्प्युटरचीही पूजा सकाळीच झाली. ऑपरेटर शिंदे साहेबांनी मशीन बंद करून झेंडूचा हार घातला. मी दारातच उभी राहिले. पूजा आमच्यात नाही.

"मावशी, प्लग काढून ठेवा. आता दसरा झाल्यावरच लावू," ते म्हणाले.

मी वायर गुंडाळली, पांढऱ्या दोऱ्यानं बांधली आणि कुलूप लावलं. चावी एकच होती, ती माझ्या कमरेला. साहेब सकाळच्याच एसटीनं शेवगावला घरी गेले.

महिनाभरानं साहेबांनी मशीनमध्ये जागा करायला गेल्या हंगामाची ऊसनोंद पुसली, आणि या हंगामाची सगळी नोंद गेली. कुणाचा ऊस आधी तोडायचा, तेच कळेना.

"मावशी, काय दाबलंत?"

"न्हाई साहेब, मी नुसतं फडकं मारते."

"पूजेला हात जोडले न्हाईत ना, रुसलं बघा मशीन."

ऑफिसातले सगळे हसले. मी फडकं धुवायला घेतलं. पण संध्याकाळी माझ्या हातात मेमो आला — लेखी खुलासा द्या, नाहीतर कामावरून कमी करू.

दोन दिवसांनी पुण्याहून इंजिनिअर आले. त्यांनी साहेबांना समजावलं, "पाटी नव्या घराची, पण दार उघडतं जुन्याच घरात, असं झालंय. याला लिंक म्हणतात. नवी नोंद तुम्ही नव्या नावानं भरत होतात, ती जाऊन बसत होती जुन्यातच. जुनं पुसलंत, दोन्ही गेलं."

"पण नव्या नोंदीची डिरेक्टरी मी स्वतः केलेली. लिंक केली कुणी?"

इंजिनिअरनी लिंक केल्याची तारीख पडद्यावर वाचली. साहेबांनी भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं. खंडेनवमी. वेळ दुपारी साडेतीन.

"चावी कुणाकडं हुती?" कुणीतरी विचारलं, आणि सगळे माझ्याकडे वळले.

"माझ्याकडं."

"पण मशीन चालू होतं का?" इंजिनिअरनी विचारलं.

"प्लगच काढलेला," साहेबच म्हणाले.

इंजिनिअरनी मशीनचं घड्याळ आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी लावून बघितलं. बरोबर होतं. मग म्हणाले, "यासाठी इंग्रजीत कमांड लिहावी लागते. बाईंचं हे काम नाही."

मेमो मागे घेतला गेला. नोंद कागदांवरून परत भरली.

मी कितीतरी वर्षं मनात शिंदे साहेबांवरच संशय धरला. त्यांनी चोरून चावी करून घेतली असेल... पण शेवगावहून ते परत कधी आले? आणि कुलूप उघडलं असेल तरी दोऱ्याची गाठ? ती माझी होती, जशीच्या तशी.

खुलाशात मी लिहिलं होतं, मशीनला मी फडक्याशिवाय काही लावलं नाही. ते खरं आहे. पण एक गोष्ट मी लिहिली नाही, तेव्हाही नाही आणि नंतर मुलींनाही सांगितली नाही.

दसऱ्यानंतर मी सकाळी सगळ्यांच्या आधी खोली उघडली. हार सुकलेला, वायर बांधलेली. पुसायला म्हणून मशीनच्या पाठीवर हात ठेवला — ती गरम होती. दिवसभर चालवून नुकतंच बंद केल्यावर असते तशी.

चावी एकट्या माझ्याकडे; कुणाला कळलं तर नोकरी जाईल, हे मला कळत होतं. मी खिडक्या उघडल्या, ओलं फडकं घट्ट पिळून त्या पाठीवर ठेवलं, आणि साहेब यायच्या आत ती गार व्हायची वाट बघत उभी राहिले.