सात भोंग्यांची पूजा

सुजित देवधर्म मानत नसे. निदान थेरगावच्या सोसायटीत तसा त्याचा लौकिक होता. गणपतीची वर्गणीसुद्धा तो छोटंसं भाषण जोडूनच देई.

रेडिओ दुर्बिणीसाठी त्यानं रिसीव्हर रचला होता. साधा रिसीव्हर एका वेळी आभाळाचा एकच ठिपका बघतो, सुजितचा एकदम सात बघणार होता. आभाळातल्या लहरी टिपणारे त्याचे धातूचे सात भोंगे, मध्ये एक आणि भोवती सहा, भोसरीच्या शेखरनं आपल्या वर्कशॉपमध्ये लेथवर कातून दिले होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुर्बीण केंद्राच्या मॅडम तपासणीला येणार होत्या. त्यांनी नापास केलं, तर सुजितची उमेदीची वर्षं प्रयोगशाळेच्या माळ्यावर जाणार होती.

खंडेनवमीला भोसरीतल्या यंत्रांना हार चढले. सुजितलाही राहवेना. त्यानं प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं, चोरासारखं रिसीव्हरला हळदकुंकू लावलं आणि मनोभावे डोळे मिटून ओल्या अक्षता टाकल्या. डोळे मिटल्यावर नेम चुकतो, एवढं साधं गणित या इंजिनिअरला सुचलं नाही.

संध्याकाळच्या चाचणीत सहा भोंगे शांत, मधल्यात मात्र नुसती खरखर. सुजितनं तडक फोन लावला.

"शेखर, तुझं कातकाम हुकलंय."

"असं कसं सर? मी स्वतः मापं घेतलीत राव."

"मग माझं मशीन खोटं बोलतंय का?"

शेखरनं ऐन दसऱ्याला वर्कशॉप उघडलं आणि नवा भोंगा कातला. दुसऱ्या दिवशी तो भोंगा घेऊन आला, तेव्हा मॅडमही येऊन बसल्या होत्या. सुजितनं मधला जुना भोंगा सोडवून आत बोट घातलं. कुंकवात चिकटलेले तांदूळ हाताला लागले. त्यानं ते मुठीत लपवले.

"काय दोष निघाला?" मॅडमनी विचारलं.

शेखर मान खाली घालून नवा भोंगा पुसत होता. 'कातकाम हुकलं' म्हटलं की सुटलो, हे सुजितला लख्ख दिसत होतं. स्वतःची त्याला किळस आली. त्यानं तळहात पुढे केला.

"अक्षता आहेत. मीच वाहिल्या. शेखरचं काम चोख आहे."

मॅडमनी हसू दाबत भोंगा पुसून परत बसवायला लावला. सातही भोंगे शांत झाले. रिसीव्हर पास झाला, पण सुजितची मान काही वर होईना.

शेखर हातातल्या नव्या भोंग्याकडे बघत राहिला.

"सणाच्या दिवशी बायकोशी भांडून केलाय हा, सर," तो म्हणाला. "आता निदान तिला तरी फोन करून सांगा, चूक कुणाची होती ते."